स्पार्कला रेझरपेचा लाइव्ह पेमेंट डेटा कसा जोडायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: दुकानाची पेमेंट्स रेझरपे या ऑनलाइन पेमेंट गेटवेवरून येतात, ती स्पार्कमध्ये (मोठा डेटा हाताळणाऱ्या प्रणालीत) लाइव्ह हवी आहेत. मग दर मिनिटाला रेझरपेच्या एपीआयला (डेटा मागायच्या वाटेला) विचारत राहायचं, की वेबहूक (काही घडलं की रेझरपे स्वतः पाठवतं तो संदेश) थेट स्पार्ककडे वळवायचा?

मी दोन्ही करणार नाही. एपीआयला कधीपासून कधीपर्यंतची ते सांगून पेमेंट्स मागवली, तर ती तयार झाल्याच्या वेळेनुसार येतात. दहा वाजता सुरू झालेलं पेमेंट सव्वादहाला कॅप्चर झालं (म्हणजे पक्कं झालं), तर तो बदल तुमच्या पुढच्या मिनिटाच्या खिडकीत येतच नाही. आणि वेबहूक घ्यायला सतत चालू असलेला सर्व्हर लागतो. स्पार्क तसा नाही, तो स्वतः जाऊन डेटा उचलतो.

म्हणून मध्ये काफ्का (आलेले संदेश रांगेत साठवून ठेवणारी प्रणाली) ठेवा. वेबहूक घेणारी सेवा अगदी लहान असू द्या. आलेल्या मजकुराला हात न लावता त्याची डिजिटल सही तपासायची (तो मजकूर जेसन या स्वरूपात असतो, तो उलगडून पुन्हा बांधला की सही जुळत नाही), ग्राहकाचा फोन आणि ईमेल काढून टाकायचा, काफ्कात लिहायचं आणि लगेच २०० ('मिळालं'चा कोड) म्हणायचं. रेझरपे ५ सेकंदच थांबतं. काफ्काची की पेमेंट आयडी ठेवा, म्हणजे एका पेमेंटचे सगळे इव्हेंट एकाच पार्टिशनमध्ये (काफ्काच्या एकाच रांगेत) पडतात. तरीही क्रमावर विसंबू नका. 'कॅप्चर्ड' आधी आणि 'ऑथराइज्ड' (कॅप्चरच्या आधीची मंजुरी) नंतर पोचू शकतं. एकदा कॅप्चर झालेलं पेमेंट मागच्या स्थितीत जाणार नाही, हा नियम तुमच्या कोडमध्येच हवा. बेरीज फक्त कॅप्चर झालेल्यांची करा आणि रिफंड वेगळे धरा. रक्कम पैशांत येते, १०० ने भागायला विसरू नका.

आता खरी अडचण. तोच इव्हेंट दोनदा येऊ शकतो, म्हणून सगळे स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंगमध्ये (स्पार्कच्या लाइव्ह डेटा वाचणाऱ्या भागात) डुप्लिकेट काढायला जातात आणि उदाहरणांत पाहिलेला १० मिनिटांचा वॉटरमार्क (किती उशिरापर्यंतचे इव्हेंट धरायचे ती मर्यादा) लावतात. मीही एका कामात तेच केलं होतं. एका रात्री आमची वेबहूक सेवा सुमारे चाळीस मिनिटं बंद पडली. गेटवेने नंतर ते इव्हेंट पुन्हा पाठवले, पण त्यांवर वेळ जुनीच होती. तोवर नवी पेमेंट्स येऊन वॉटरमार्क पुढे सरकला होता. स्पार्कने जुने इव्हेंट उशिरा आलेले म्हणून टाकून दिले. एररही नाही, जॉब (स्पार्कचं चालू काम) हिरवा. सेटलमेंटचं (गेटवेने बँकेत जमा केलेल्या पैशांचं) स्टेटमेंट जुळवताना अकाउंट्सच्या ताईंना फरक सापडला. बँकेत पैसे जास्त, डॅशबोर्डवर कमी. ग्राहकाने भरलेला पैसा आपल्या हिशेबातून गायब होतो, ही गोष्ट मला अजून बोचते.

रेझरपे न पोचलेला इव्हेंट २४ तास पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, स्ट्राइप हा दुसरा गेटवे तर ३ दिवसांपर्यंत. वॉटरमार्क त्याहून मोठाच हवा. मग स्टेट (स्पार्कला तोवर लक्षात ठेवावी लागणारी माहिती) फुगते. स्पार्क ३.२ पासून ती रॉक्सडीबीत (डिस्क वापरणाऱ्या साठ्यात) ठेवता येते, पण तुमच्या आकाराच्या दुकानाला त्याची गरज दिसत नाही. डुप्लिकेट डेटाबेसवर सोडा. इव्हेंट आयडी हेडरमध्ये येतो, तोही काफ्कात लिहा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्याला युनिक करा आणि 'फॉरईचबॅच'मधून (स्पार्कची गठ्ठ्या-गठ्ठ्याने लिहायची सोय) असा लिहा की आधीच असलेली ओळ गुपचूप सोडली जाईल. 'फॉरईचबॅच' बिघाडानंतर तीच बॅच पुन्हा लिहू शकतं, त्यालाही हाच बंदोबस्त पुरतो. दिवसाची बेरीज त्या टेबलवरून काढा. वॉटरमार्कची भानगडच उरत नाही.

चेकपॉइंट (कुठवर वाचलं याची स्पार्कची नोंद) ड्रायव्हरच्या, म्हणजे जॉब चालवणाऱ्या मशीनच्या, स्थानिक डिस्कवर नको, एस३ किंवा एचडीएफएस अशा वेगळ्या साठ्यावर ठेवा. आणि पहिल्यांदा जॉब सुरू करताना ऑफसेट (काफ्कात कुठून वाचायचं ती जागा) 'अर्लिएस्ट', म्हणजे सगळ्यात जुना, द्या. काही न दिल्यास स्ट्रीम 'लेटेस्ट'पासून, म्हणजे फक्त नवं येईल ते, वाचते आणि जॉब उभा करेपर्यंत काफ्कात जमलेली पेमेंट्स तशीच राहून जातात.