लेकरांना न भेटता लेकरांचं काम

प्रश्न : ताई नमस्कार, मी केज तालुक्यातला, दुकानात हिशोब लिहितो. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत तीन वर्षं झाली दर रविवारी जायलो. बाकीचे पोरं-पोरी तांड्यावर जाऊन शिकवतात, त्यांचे फोटो ग्रुपवर येतात. मी ऑफिसात बसून पावत्या फाडायलो, एक्सेलमध्ये याद्या भरायलो, टेम्पोवाल्याला फोन लावायलो. एका लेकराचं तोंड नीट बघितलं नाही. घरचे म्हणतात, ह्यात तुला काय मिळतं? सोडून द्यावं का?

उत्तर : दादा, सोडू नका. मी परभणीत असंच काम चार वर्षं केलंय म्हणून सांगते. एका वर्षी आमच्या यादीत गाव नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेलं, तालुका नाही, आणि आपल्याकडं पिंपळगावं किती आहेत तुम्हाला माहितीये. टेम्पो दुसऱ्याच पिंपळगावला गेला. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी २२ लेकरं दप्तराची वाट बघत व्हरांड्यात बसली होती, गुरुजींचा फोन आला तेव्हा मला बोलताच येईना. तेव्हापासून मी तालुक्याचा रकाना कधी मोकळा सोडला नाही.

तुमची यादी म्हणजे नुसता कागद नाही हो. दसरा झाला की मुकादम टोळ्या हलवतो, आईबाप कोयता घेऊन सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात, आणि लेकरू एकतर फडावर जातं नाहीतर आजीपाशी राहतं. हंगामी वसतिगृहात घालायचं तर कोण जाणार, कोण राहणार हे टोळी निघायच्या आधी कुणाला तरी पक्कं माहीत पाहिजे, आणि शाळा सुटलेल्या पोरीचा बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबर फॉर्म राहिला की तिचं अख्खं वर्ष गेलं, ती तारीख तांड्यावर शिकवणाऱ्याच्या ध्यानात राहीलच असं नाही.

पावत्यांचंही तेच. देणगीदाराचा पॅन चुकला तर त्याला देणगीवरची आयकरातली सवलत मिळायला अडचण येते आणि पुढच्या वर्षी तो माणूस फोन उचलत नाही. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर, तिथं ओ आणि शून्याची गल्लत फार होते, ती तुमच्यासारखा हिशोबाचा माणूसच धरतो.

पण तुम्हाला लेकरं बघावी वाटतात ना, ते अगदी बरोबर आहे, त्यात कमीपणा मानू नका आणि मनात ठेवून कुढत बसू नका. संस्थेच्या ताई-दादांना सरळ सांगा, मला एकदा घेऊन चला. एखाद्या पोराला तुमची फाईल शिकवून ठेवा, म्हणजे तुम्ही एक रविवार नसलात तरी काम अडणार नाही.

दसऱ्याच्या आधीच जा, टोळ्या निघायच्या आत. वही सोबत घ्या, आणि जे लेकरू मागं राहणार आहे त्याच्या आजीचा नाहीतर शेजाऱ्याचा फोन नंबर तिथंच बसून तुमच्या हातानं लिहून घ्या.