आयलंडिंग पकडायचंय? कोनाकडे बघ
आयलंडिंग म्हणजे ग्रिडचा एक भाग मुख्य ग्रिडपासून तुटतो, पण तिथला सोलर प्लांट त्याला वीज देतच राहतो. ते पकडायला नुसत्या फ्रिक्वेन्सीवर विसंबू नकोस. तुटलेल्या भागातली निर्मिती आणि लोड जवळपास सारखे असले की फ्रिक्वेन्सी जेमतेम हलते, रिले (गडबड दिसली की सर्किट तोडायला लावणारं उपकरण) गप्प बसतो. त्यापेक्षा सबस्टेशन आणि सोलर प्लांट, दोन्हीकडच्या पीएमयूंमधला (जीपीएसच्या वेळेनुसार व्होल्टेजचा कोन मोजणारी यंत्रं) फेज कोनाचा फरक बघ. दोन्हीकडच्या फ्रिक्वेन्सीत ०.१ हर्ट्झचा फरक असला तरी कोन सेकंदाला ३६ अंश सरकतो. आयईईई १५४७ हे मानक आयलंडिंग ओळखून थांबवायला २ सेकंद देतं, तेवढ्यात तो सहज दिसतो. (दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या तर मात्र कोनही फसवतो.) मोठी मोटर सुरू झाली तर कोन उडी मारून थांबतो, सरकत राहिला तरच ट्रिप (प्लांट तोडायचा आदेश) दे.

आणि हो, पीएमयूच्या जीपीएस घड्याळाचा क्वालिटी फ्लॅग (वेळ भरवशाची आहे का ते सांगणारी खूण) आधी तपास. ५० हर्ट्झला १ मिलिसेकंदाची चूक म्हणजे १८ अंश! मी एकदा दिवसभर आयलंडिंग शोधत बसलो, आणि सैल होती अँटेनाची केबल.