लॅबमध्ये वनस्पतीच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडलं का?

नाही हो, त्याला अजून बराच अवकाश असतो. मी सेल कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करते म्हणून सांगते, प्लेटमध्ये पेशी मारणं अजिबात अवघड नसतं, ब्लीचचे दोन थेंब टाकले तरी मरतात. किती डोसला मेल्या आणि नॉर्मल पेशी वाचल्या का, ते विचारा.

टेस्ट कशी करतात ते पण विचारलंय. पानं वाळवून दळायची, मेथेनॉलमध्ये भिजवायची, गाळून मेथेनॉल उडवून टाकलं की खाली जो चिकट अर्क उरतो तो डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवायचा आणि ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर कमीजास्त डोसमध्ये टाकायचा. ४८ किंवा ७२ तासांनी एमटीटी नावाचा पिवळा डाय घालतात, जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. जांभळा रंग निम्म्यावर आणणारा डोस म्हणजे आयसी५०.

पण इथेच गंमत आहे. वनस्पतीतली पॉलिफेनॉल्स नावाची बरीच रसायनं पेशी नसतानाही डाय जांभळा करतात, म्हणजे पेशी मेल्या तरी रीडिंगमध्ये जिवंत दिसतात! म्हणून नुसता अर्क आणि डाय असलेले वेल ठेवावेच लागतात, आणि नुसत्या डीएमएसओचे पण, कारण जास्त झालं तर तेही पेशी मारतं. शिवाय रंग कमी झाला म्हणजे पेशी मेल्याच असं नाही, नुसती वाढ थांबली असेल तरी तसंच दिसतं, मग पेशी खरंच मरतायत का ते दाखवणाऱ्या ॲनेक्सिनसारख्या वेगळ्या टेस्ट करून बघावं लागतं.

कच्च्या अर्काचा आयसी५० साधारण ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आला तर पुढे बघण्यात अर्थ. ५०० वगैरे आला असेल तर सोडून द्या, रक्तात तेवढं पोचणारच नाही. हळदीतलं कर्क्युमिन घ्या ना, प्लेटमध्ये जोरात चालतं आणि तोंडाने घेतलं तर रक्तात जेमतेम सापडतं.

वनस्पतीतून औषधं निघतच नाहीत असं मात्र नाही. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध आलं. टॅक्सॉल या दुसऱ्या कॅन्सरच्या औषधासाठी पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली, त्याच्या रेणूची रचना १९७१ मध्ये छापून आली आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. (पण औषध निघालं म्हणून सदाफुलीची पानं चावू नका प्लीज, ती विषारी असतात.)

आणि केमो चालू असलेल्या कुणासाठी विचारत असाल तर कुठलाही काढा आधी ऑन्कोलॉजिस्टला सांगूनच द्या. सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीमुळे इरिनोटेकान या केमोच्या औषधाचा रक्तातला असर करणारा भाग कमी होतो हे पेशंटमध्येच दिसलेलं आहे.