एमएलसी रजिस्टरमधलं करिअर

भाऊ, नमस्कार.

आर्णी तालुक्यातून तुमचं पत्र आलं. मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रामीण रुग्णालयात मारहाणीच्या, भाजलेल्या, विषारी औषध प्यायलेल्या केसेस, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या एमएलसी (मेडिको-लीगल केसेस), पाहून ती एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायचं म्हणते. "हे तर पोलिसांचं काम, तिनं नोकरी धरावी," असं तुमचं म्हणणं.

पोलीस एका गुन्ह्यातला माणूस शोधतात. शंभर केसेस एकत्र मांडून कोण, कुठं, कधी, कशानं हे पाहणं आरोग्यवाल्यांचं काम. जागतिक आरोग्य सभेनं 1996 मध्येच हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरवला. स्वतःला केलेली इजाही त्यातच मोडते. श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि 1995 नंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको.

घोडं अडतं ते नोंदीत. भाजलेली बाई येते, नवरा आणि सासू उशाशीच उभे. ती म्हणते, स्टोव्हचा भडका उडाला. एकटीला विचारलं तर कदाचित वेगळं सांगेल, पण विचारतं कोण? गेली, की नमुना 4 वर, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, लिहितात, 'हृदयक्रिया बंद'. अहो, हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचंच बंद पडतं! आयसीडी-10 मध्ये, म्हणजे आजार आणि मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, अपघाती आगीला एक्स00 ते एक्स09, दुसऱ्यानं जाळल्यास एक्स97, हेतू ठरत नसेल तर वाय26. कोड चुकला, की ती बाई कायमची अपघातात मोजली जाते.

तेव्हा पदवी पूर्ण होऊ द्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करा, वर्ष-दोन वर्षं वॉर्डात काम करू द्या. नोकरीचा तुमचा आग्रह इथं बरोबरच आहे. मग दोन वर्षांचं एमपीएच. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सोशल एपिडेमिऑलॉजी (समाजातल्या परिस्थितीचा आजारांशी संबंध शोधणारा विषय) घेऊन एमपीएच आहे, त्यासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुढच्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात, हे आधीच धरून चला.

आत्ता करण्यासारखं एक. वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घेऊन तिनं वर्षभराच्या एमएलसी नोंदींचा तक्ता करावा: वय, लिंग, वार, वेळ, जागा, कशानं इजा, मारणाऱ्याशी नातं, दवाखान्यात पोचायला किती तास लागले. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, केसेस वाढतात का, बाजाराच्या दिवशी काय होतं, ते त्यात दिसेल. नात्याचा रकाना बहुतेक रिकामाच सापडेल. तो किती वेळा रिकामा, हेही मोजायचं. नाव, गाव उतरवायचं नाही आणि परवानगी मिळाली नाही तर मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत.