साडेचार वर्षांचा मुलगा बोलताना अडखळतो, पण गाणं म्हणताना अजिबात नाही. दीर म्हणतात मुद्दाम करतो. खरंच असं असतं का? थेरपीला न्यावं का, आणि शाळेत सांगावं का?

'मुद्दाम' हा शब्द वाचला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो.

नाही ताई, मुद्दाम करत नाही. दिरांना माझ्याकडे पाठवा. आमच्या घरी हेच वाक्य आमचे थोरले बंधू म्हणायचे, त्यामुळं माझी तयारी चांगली झालेली आहे.

माझा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. ही गोष्ट तो सात वर्षांचा असतानाची. चैत्र पौर्णिमेला आम्ही सगळे जोतिबाला गेलो होतो. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलालानं डोळे उघडवत नव्हते आणि खांद्यावर बसलेलं माझं पोरगं बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, 'जोतिबाच्या नावानं चांगभलं!' एकदा नाही, शंभरदा. घरी 'जेवायला वाढ' म्हणताना ज्याची ज वर गाडी रुतायची, ते पोरगं हे! मला इतका आनंद झाला की मीही घसा बसेपर्यंत ओरडलो.

दादा हे सगळं बघत होता. दर्शन करून खाली आलो, तिथं त्याच्या ओळखीचे एक पाव्हणे भेटले. त्यानं पोराला पुढं ओढलं. 'सांग की पाव्हण्यांना, नाव काय तुझं?'

नाव प वरनं. ओठ मिटले ते मिटलेच. गळ्याची शीर वर आली, डावा पाय जमिनीवर आपटायला लागला. पाव्हणे बिचारे नारळाच्या दुकानाकडं बघत उभे. शेवटी नाव मीच सांगून टाकलं. (त्याच्याऐवजी मी बोलणं हेही चुकलंच, पण ते मला नंतर कळलं.) आणि दादा म्हणाला, 'मघाशी बरं येत हुतं वरडायला! नाटकं करतंय बघ. तुम्ही लाडानं वाया घालवलाय.'

ह्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आज देतो. चारचौघांच्या आवाजात आवाज मिसळला की अडखळणं बहुतेकांचं गळून पडतं. गाण्यात तसंच. एकटं असताना, जनावराशी बोलतानाही तसंच. आमचं पोरगं गोठ्यात म्हशीला शाळेतली सगळी भांडणं फाडफाड सांगायचं. बोलण्याचा ताल बाहेरून आयता मिळाला की मेंदूचं काम हलकं होतं. आपलं वाक्य आपणच सुरू करायचं, त्यात समोरचा तोंडाकडं बघत उभा, तिथं घोडं अडतं. आणि स्वतःचं नाव तर सगळ्यात वाईट, कारण त्याला दुसरा शब्द नाही. बाकी शब्द ही मुलं गुपचूप बदलतात. आमचा कायम वडा मागायचा. तीन वर्षं आम्ही समजत होतो, ह्याला वडाच आवडतो. त्याला मिसळ हवी असायची, म वर अडकायचं.

थेरपीला जाण्याआधी आम्ही वेखंड उगाळून मधातनं चाटवलं होतं. जिभेखालचा पडदा कापा म्हणणारेही भेटले. पडद्याचा आणि तोतरेपणाचा काही संबंध नाही, कापू नका.

थेरपिस्टनी पहिल्या दिवशी विचारलं, घराण्यात कुणी अडखळायचं का? मी नाही म्हणालो. शेजारी बसलेली आई म्हणाली, 'ह्याचे आबा.' आबा आमचे वडील. मितभाषी माणूस म्हणून गल्लीत नाव होतं. फोन वाजला की रिसीव्हर उचलून आईच्या हातात द्यायचे, हे मी लहानपणापासून बघितलं होतं, पण डोक्यात प्रकाश पडला नव्हता. हे बऱ्याचदा रक्तातनं येतं. दादाला सांगितलं तर तो आठ महिने माझ्याशी बोलला नाही. वडलांना नावं ठेवली म्हणे!

आता तुमचं. थेरपीला न्या. कुठल्या शहरात न्यायचं हा घोळ घालू नका. जवळ मिळेल तो बघा, फक्त भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी लिडकम (Lidcombe) म्हणून ऑस्ट्रेलियातली पद्धत आहे, तीत आईबापांनाच शिकवून रोज घरी करून घेतात. तिच्याबद्दल विचारा. आम्ही सातव्या वर्षी गेलो, उशीर झाला. घरात 'सावकाश बोल', 'श्वास घे' बंद. आपणच जरा हळू बोलायचं आणि त्याचं वाक्य त्यालाच संपवू द्यायचं. दिरांनी पाहुण्यांसमोर परीक्षा घेतली तर सरळ म्हणा, 'भाऊजी, तुम्ही म्हणून दाखवा आधी.' मी हे दादाला म्हणायला हवं होतं.

एक मात्र खरं, तुमचा मुलगा लहान आहे. दोन ते पाच वर्षांत पुष्कळ मुलं अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप जातंही. शंभरात साधारण पाच मुलं अडखळतात, मोठेपणी एखादा उरतो. तेव्हा माझं वाचून घाबरू नका. पण सहा महिने उलटून गेले असतील किंवा घराण्यात कुणी असेल, तर थांबू नका. माझ्या मुलाचं गेलेलं नाही. अजून अडखळतो, पण दुकानातला फोन तोच उचलतो. गिऱ्हाईक थांबतं.

शाळेचं राहिलंच. जूनमध्येच बाईंना एकटं गाठून सांगा, पोरासमोर नको. हजेरीला 'उपस्थित' म्हणायच्या ऐवजी हात वर केला तर चालेल का, एवढं आधी विचारा.