खरे फोटोग्राफर फक्त मॅन्युअलवरच फोटो काढतात का?

तुम्ही लिहिलंय की निकॉन डी५६०० नवा घेतलाय, सोबत १८-५५ची किट लेन्स आहे, आणि डायलवरचे पी, एस, ए, एम कधी वापरायचे ते कळत नाही. (पीवर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्स किती उघडायची, आणि शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा, हे दोन्ही कॅमेरा ठरवतो. एसवर शटर आपण लावायचं, एवर अ‍ॅपर्चर, आणि एम म्हणजे मॅन्युअलवर दोन्ही.) शिवाय तुमच्या क्लबातले एक सीनियर म्हणतात, खरा फोटोग्राफर एमवरच असतो.

सीनियरांचं आधी बघू. साफ चूक आहे ते. असे एक गृहस्थ प्रत्येक क्लबात असतात, आमच्याकडेही आहेत. आम्ही त्यांना सर म्हणतो.

एका सोमवती अमावस्येला आमचा ग्रुप जेजुरीला गेला होता. खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेला स्नानाला निघते, तेव्हा उजेड नुसता छळतो. पायऱ्यांवर रखरखीत ऊन, कमानीखाली अंधार, पुन्हा ऊन, मधेच ढग, आणि या सगळ्यात भंडाऱ्याचा पिवळा धुरळा. पालखी उन्हातून सावलीत यायला चार पावलं पुरतात, तेवढ्यात चार-पाच स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मी ए मोडवर होते. अ‍ॅपर्चर एफ/५.६, ऑटो आयएसओ (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानंच ठरवायची), किमान शटर १/५०० सेकंद, आणि कॉम्पेन्सेशन प्लस ०.७, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा फोटो थोडा उजळ. हे शेवटचं भंडाऱ्यासाठी. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर येईल ते मध्यम करडं धरून चालतो. चौकटभर लख्ख पिवळं दिसलं की तो उजेड कमी करतो आणि भंडारा मातकट येतो. उन्हात शटर १/८००च्या आसपास जात होतं. कमानीखाली ते १/५००वर थांबायचं आणि आयएसओ हजारापलीकडे चढायचा. मला त्यातलं काहीच बघावं लागत नव्हतं, मी खांदेकऱ्यांचे चेहरे बघत होते.

(तुम्ही कधी गेलात तर तिथे लेन्स बदलू नका. हळद आत गेली की सेन्सर साफ करून घेण्यात पैसे जातील. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा, आणि हूड लावा, कारण भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडेही उडतात.)

पुढच्या बैठकीत सगळ्यांनी प्रिंट आणले. सरांनी माझा एक उचलून सगळ्यांना दाखवला. कमानीच्या तोंडाशी एक खांदेकरी, अर्ध्या चेहऱ्यावर ऊन, पापण्यांवर भंडारा. ‘याला म्हणतात वेळ साधणं,’ म्हणाले. मग विचारलं, ‘ताई, मोड कुठला?’ मी सांगितलं. त्यांनी प्रिंट खाली ठेवला. ‘हां. म्हणजे कॅमेऱ्यानं काढला.’

कॅमेऱ्यानं काढला! कुठे उभं राहायचं, किती वेळ धक्के खायचे, बटण कधी दाबायचं, पिवळा किती उजळ हवा, हे सगळं मी ठरवलं. त्यानं फक्त आकडेमोड केली. आणि सरांचं ज्या फोटोंवर नाव झालं, ते यशिका इलेक्ट्रो ३५वरचे. १९६६ साली आलेला हा कॅमेरा. त्यात शटर स्पीड निवडायची सोयच नाही. फिल्मचा एएसए (म्हणजे तेव्हाचा आयएसओ) आणि अ‍ॅपर्चर आपण लावायचं, शटर तो ठरवणार, फारच कमीजास्त झालं तर लाल किंवा पिवळा दिवा दाखवणार. म्हणजे आजचा ए मोडच की! मग ते फोटो यशिकानं काढले का? हे मी तिथेच विचारलं. ‘फिल्मची गोष्ट वेगळी,’ असं उत्तर मिळालं. कशी वेगळी, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

वर गंमत अशी की सर एमवर असतात तेव्हा त्यांचा ऑटो आयएसओ चालू असतो. उजेड बदलला की आयएसओ कॅमेराच बदलतो. याला मॅन्युअल म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

तर तुमच्यासाठी: डायल एवर ठेवा आणि शटरजवळचं प्लस-मायनसचं, म्हणजे कॉम्पेन्सेशनचं, बटण दाबून चाक फिरवायची बोटांना सवय लावा. माझ्या मते निम्मी फोटोग्राफी त्या बटणात आहे. एस लागतो तो मुद्दाम हालचाल दाखवायची असेल तेव्हा, म्हणजे ट्रायपॉडवर धबधबा वगैरे. कबड्डीलाही लोक एस लावायला सांगतात, पण इनडोअर हॉलमध्ये १/१००० लावलंत आणि ऑटो आयएसओ बंद असेल, तर ५५वर तुमची लेन्स एफ/५.६च्या पुढे उघडत नाही आणि फोटो काळा येतो. पीला हसू नका. तो हिरवा ऑटो नव्हे, आपण होऊन फ्लॅश उघडत नाही.

एक राहिलं, नाहीतर मी एमच्या विरोधात आहे असं वाटेल. फटाक्यांची आतषबाजी, तुकडे जोडून करायचा पॅनोरमा आणि मंगल कार्यालयातला फ्लॅश, इथे एमच हवा. एवर फ्लॅश लावला की तुमचा निकॉन अंधारात १/६०वर येऊन थांबतो आणि नाचणारी पोरं हलतात. त्यापेक्षा एम, १/१२५, एफ/५.६, आयएसओ ८००, फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेरा ठरवेल. त्या वेळी ऑटो आयएसओ मात्र आठवणीनं बंद करा, नाहीतर सरांचा मॅन्युअल व्हायचा.