रात्रीचे तीन तास, आवाज आठ मिनिटांचा

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, बी.कॉम. झालाय. सांगलीतल्या एका खासगी एफएम केंद्रावर दोन वर्षं रात्री ११ ते २ लाईव्ह शो करतो. आता त्याला सांगितलंय की पुढच्या एक तारखेपासून रात्री लाईव्ह काही नाही. त्याने दुपारी येऊन तीन शहरांसाठी एकदम रेकॉर्डिंग करून द्यायचं आणि मानधन निम्मं घ्यायचं, नाहीतर थांबायचं. सोबत सहीसाठी एक कागद दिलाय, त्यात त्याचा आवाज ‘डिजिटल स्वरूपात’ वापरायची परवानगी मागितली आहे. त्याचे बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. तो म्हणतो मुंबईला जातो. आम्ही काय करावं? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी केंद्राने केलेला हिशेब आपणही करून पाहू. रात्रीच्या शोमध्ये तासाला साधारण चार लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं निवेदकाचं बोलणं, होतात; तीन तासांत बारा. एक लिंक फार तर चाळीस सेकंदांची. बारा लिंक मिळून झाली आठ मिनिटं. उरलेला वेळ गाणी, जिंगल, प्रोमो आणि तुरळक जाहिराती. ते सगळं प्लेआउट सॉफ्टवेअर वाजवतं. तुमचा मुलगा समोर बसलेला असतो तेव्हाही तेच वाजवत असतं.

या आठ मिनिटांसाठी रात्रभर स्टुडिओ, एसी आणि माणूस का ठेवायचा, हा व्यवस्थापनाचा प्रश्न. जाहिरातदार सकाळची आणि संध्याकाळची वेळ मागतो, रात्रीची कुणी मागत नाही. म्हणून कात्री पहिली रात्रीवर चालते. लिंक आधीच रेकॉर्ड करायच्या तर सरावलेला आरजे, म्हणजे निवेदक, मागच्या गाण्याचे शेवटचे दहा सेकंद आणि पुढच्या गाण्याची सुरुवात ऐकून मध्ये आपली लिंक टाकत जातो आणि बारा लिंक अर्ध्या-पाऊण तासात संपवतो. याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. तुमच्या मुलाचं काम निकृष्ट होतं म्हणून हे झालेलं नाही, एवढं त्याला घरात कुणीतरी स्पष्ट सांगा.

रात्रीचा लाईव्ह शो परत येईल, या आशेवर त्याने थांबू नये. अमेरिकेत १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रं घ्यावीत यावरची मर्यादा काढली. क्लिअर चॅनल ही एक कंपनी हजाराहून अधिक केंद्रांपर्यंत गेली आणि एका शहरातला आवाज दहा शहरांत रात्रभर वाजू लागला. तीच कंपनी पुढे आयहार्टमीडिया झाली आणि जानेवारी २०२०मध्ये तिने एका झटक्यात शेकडो लोक कमी केले. आपल्याकडे एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या २०११च्या धोरणाने कंपनीला आपल्याच देशभरातल्या केंद्रांचं नेटवर्किंग करायला, म्हणजे एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवर लावायला, मोकळीक दिली. तीन शहरांचं एकत्र रेकॉर्डिंग त्याच चौकटीत बसतं, त्यात बेकायदा काही नाही.

आता तर माणसाचा आवाजही लागत नाही. सिडनीच्या काडा या केंद्रावर ‘थाय’ नावाची निवेदिका सोमवार ते शुक्रवार रोज चार तास बोलत होती. ती यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, घडवलेली आहे हे २०२५मध्ये उघड झालं, तोवर तिला काही महिने झाले होते. पोलंडमध्ये ऑफ रेडिओ क्राकोवने ऑक्टोबर २०२४मध्ये निवेदक काढून यंत्राचे आवाज बसवले आणि २०१२ साली वारलेल्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्कांची ‘मुलाखत’ही लावली. लोक एवढे संतापले की आठवडाभरात प्रयोग गुंडाळावा लागला. पण ते लोकांच्या पैशावर चालणारं केंद्र होतं. खासगी केंद्रावर असा दबाव सहसा येत नाही.

तरीही या यंत्राला काय जमत नाही, ते मुलाने नीट समजून घ्यावं. त्याच्या पुढच्या पोटापाण्याचा धागा तिथेच आहे.

अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या मायनॉट गावाजवळ १८ जानेवारी २००२च्या रात्री दीड वाजून गेल्यावर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर आला. एक माणूस गेला, शेकडो बाधित झाले. गावातली सहा केंद्रं एकाच कंपनीची. लोकांनी रेडिओ लावला तर गाणी चालू, आणि पोलिसांना केंद्रावर फोनवर कुणी मिळेना. चूक कुणाची, पोलिसांची यंत्रणा नीट लावलेली नव्हती का, यावर पुढे बराच वाद झाला. पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने रेडिओ त्या रात्री मुका होता. सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी रात्रीही चढत होतं, आणि दुपारी रेकॉर्ड केलेली लिंक रात्री एकची पातळी सांगू शकत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे हे खरं. पण वाहतूक, हवामान, वीज-पाण्याच्या सूचना, परीक्षा-निकाल आणि प्रशासनाने दिलेले आपत्तीचे व आरोग्याचे इशारे सांगायला धोरणात मुभा आहे.

म्हणून माझा सल्ला असा : रेकॉर्डिंगचं काम सहा महिन्यांसाठी घ्यावं, पण केंद्राने मांडलेल्या अटींवर नाही.

‘निम्मं मानधन’ हा शब्दच चुकीचा आहे. तीन शहरांसाठी वेगवेगळं बोलायचं तर रोज छत्तीस लिंक होतात. चुकलेल्या परत करायच्या, ऐकून तपासायच्या, म्हणजे दोन तास सहज जातात. त्याने उलट प्रस्ताव द्यावा : नऊ लिंक तिन्ही शहरांना सामाईक आणि प्रत्येक शहरासाठी तीन खास, एकूण अठरा. काम सव्वा तासाचं. मानधन शहरामागे ठरवावं, म्हणजे उद्या चौथं शहर जोडलं तर चौथे पैसे मागता येतील. दुसरी मागणी आणीबाणीची : पूर, मोठा अपघात किंवा केंद्र मुकं पडणं अशा वेळी रात्री फोन आला तर तो येईल किंवा घरून लिंक देईल, आणि त्या प्रत्येक वेळेचे पैसे वेगळे. त्यासाठी प्लेआउटचं रिमोट लॉगिन आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक त्याच्याकडे असायला हवा. ही मागणी केंद्राला आवडण्याची शक्यता मला जास्त वाटते, कारण रात्री कुणाला उठवायचं हा त्यांचाही प्रश्न आहे.

व्हॉइस ट्रॅकिंगमध्ये चुका ठराविक जागी होतात. बारानंतर वाजणाऱ्या लिंकमध्ये ‘आज’ आणि ‘उद्या’ उलटे होतात. ‘बाहेर मस्त पाऊस पडतोय’ असं दुपारी बोलून ठेवलं आणि रात्री कडक उकाडा असला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं. रेकॉर्डिंगनंतर कुणी लॉगमध्ये, म्हणजे काय कोणत्या क्रमाने वाजणार त्या यादीत, गाणं बदललं तर निवेदक भलत्याच गाण्याचं नाव घेतो. गाण्याचा इंट्रो, म्हणजे गायक सुरू होण्याआधीचं संगीत, १४ सेकंदांचा असताना फाइलवर २० नोंदवलेला असेल तर बोलणं गायकाच्या आवाजावर चढतं. गाणं कुठे संपतं याची फाइलवरची खूण चुकीची असेल तर गाणं संपून शांतता पसरते. त्यामुळे लॉग पक्का झाल्याशिवाय रेकॉर्डिंगला बसायचं नाही, आणि वेळ सांगायची तर ‘साडेबारा वाजले’ न म्हणता ‘बारा उलटून गेलेत’ म्हणायचं.

आता त्या कागदाविषयी. आहे तसा सही करू नये. ‘डिजिटल स्वरूपात’ म्हणजे रेकॉर्डिंगच्या फाइल की आवाजाची यंत्राने केलेली प्रत, हे आधी लेखी विचारावं. प्रत असेल तर पुढच्या गोष्टी कागदावर याव्यात : वापर फक्त याच कंपनीच्या या शोपुरता, करार संपताच प्रत नष्ट, बाहेरच्या कोणत्याही कंपनीला यंत्र शिकवण्यासाठी आवाज द्यायचा नाही, जाहिराती आणि राजकीय मजकूर त्याच्या संमतीशिवाय नाही आणि जाहिरातीचे पैसे वेगळे. ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले तिथे रेघ मारायची. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध अंतरिम आदेश दिला, म्हणजे निदान प्रसिद्ध माणसाचा आपल्या आवाजावर हक्क असतो हे आपल्याच कोर्टाने प्रथमदर्शनी मानलं आहे. पण तुमचा मुलगा कोर्टात जाणार नाही, आणि त्याच्या सोयीची ओळ आत्ता कागदावर असणं हेच त्याला जास्त उपयोगी. सहीआधी हा कागद वकिलाला दाखवायला तासाभराची फी पडेल, ती द्या.

एक गोष्ट सहसा सुटते. त्याला पगार मिळतो की व्यावसायिक फी? फी असेल तर १० टक्के टीडीएस कापला जात असणार आणि पीएफ नसणार. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. दोन वर्षांची विवरणपत्रं भरलीत का बघा.

सहा महिन्यांत त्याने शिकायचं ते बोलणं नाही, बोलणं त्याला येतं. ज्या यंत्राने त्याची रात्र घेतली ते त्याने आतून शिकावं. घरच्या विंडोज संगणकावर रेडिओडीजे नावाचं मोफत सॉफ्टवेअर बसवावं, दोनशे गाणी टाकावीत, त्यांचे गट पाडावेत आणि एका तासाचं क्लॉक, म्हणजे त्या तासात कोणत्या गटातलं काय कधी वाजायचं याचा आराखडा, बनवावं. पहिली चूक इथेच होते. एका गटात २४ गाणी ठेवली आणि तासाला दोन वाजवली तर प्रत्येक गाणं बरोबर १२ तासांनी परततं. मग रोज रात्री अकराला ऐकणाऱ्याला रोज तीच दोन गाणी. गाणी २५ केली की चक्र साडेबारा तासांवर सरकतं आणि हा दोष जातो. असलं ज्याला कळतं त्याला केंद्रात प्रोग्रामिंगच्या टेबलावर जागा मिळते, आणि तीन शहरांना एकच आवाज असला तरी तीन लॉग कुणाला तरी लावावेच लागतात. दुसरं टेबल साउंड प्रोड्युसरचं : स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती, प्रोमो, जिंगल. सांगलीच्या सराफाला आणि ट्रॅक्टरवाल्याला त्यांच्या बोलीतली जाहिरात हवी असते. यंत्राचा मराठी आवाज अजूनही ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च सारखाच म्हणून टाकतो.

बाहेरच्या कामांत आकाशवाणीचं नैमित्तिक उद्घोषकाचं काम पाहावं. सांगली आणि कोल्हापूर दोन्ही केंद्रं जवळ आहेत. जाहिरात निघाली की लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी आणि मग ‘वाणी’ प्रशिक्षण असा क्रम. महिन्याला सहाहून जास्त ड्युट्या मिळत नाहीत, त्यामुळे त्यावर घर चालणार नाही. पण शुद्ध वाचनाची शिस्त तिथे लागते तशी खासगीत लागत नाही. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी सामुदायिक केंद्रंही आहेत. तिथे पैसा थोडा, पण कार्यक्रम गावात जाऊन मुळापासून करायला मिळतो. ऑडिओबुकचं मराठी वाचन हा तिसरा मार्ग, आणि तिथे तांत्रिक मोजमाप कडक असतं. अनेक ठिकाणी लागू असलेला दंडक असा : सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, शिखर उणे ३च्या वर नाही, शांततेतला आवाज उणे ६०च्या खाली. पंखा चालू असला की शेवटची अट मोडते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून, मागे गोधडी टांगून, माइकपासून वीतभर अंतरावर बसलं तर महागड्या फोमची गरज पडत नाही. लाखभर रुपयांचे ‘आरजे कोर्स’ मात्र घेऊ नका. दोन वर्षं हवेत असलेल्या मुलाला तिथे शिकवण्यासारखं काही नसतं.

मुंबईचं म्हणाल तर आत्ता नको. तिथल्या बहुतेक खासगी केंद्रांची भाषा हिंदीकडे झुकलेली आहे आणि रात्रीच्या शोची अवस्था तिथेही हीच. डबिंगसाठी जायचं असेल तर आधी इथून दोन नमुने तयार करावेत : गाणी कापून फक्त लिंक ठेवलेला दीड मिनिटाचा शोचा तुकडा, आणि तेवढ्याच लांबीत तीन वेगळ्या पात्रांचे आवाज, त्यांत एक सांगली-कोल्हापूरच्या बोलीत. ते पाठवून दोन-तीन ठिकाणांहून चाचणीचं बोलावणं आलं, तर आठवडाभर नातेवाइकांकडे राहून यावं. खोली भाड्याने घ्यायची घाई नको.

बाबांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस घेते त्या क्लार्क परीक्षेला २८ वर्षांपर्यंत बसता येतं, पीओ म्हणजे अधिकारीपदाच्या परीक्षेला ३०. म्हणजे पाच वर्षं हातात आहेत. रात्रीचं जागरण थांबल्यामुळे त्याला सकाळी सात ते नऊ असे दोन तास पहिल्यांदाच मिळतील. गणित आणि तर्कक्षमतेला ते द्यावेत आणि या वर्षीचा फॉर्म भरावा. रेडिओ सुटला म्हणून बँक, अशी शिक्षा म्हणून मात्र ती परीक्षा त्याच्यापुढे ठेवू नका. त्या मनःस्थितीत दिलेली पूर्वपरीक्षा सहसा निघत नाही.

केंद्राशी बोलणी तोंडी झाली तरी त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं ठरलं’ म्हणून ईमेल जाऊ दे, लिंकची संख्या आणि शहरामागचे पैसे आकड्यांत लिहून. एक तारखेच्या आत उत्तर आलं नाही तर पहिल्या आठवड्याचं रेकॉर्डिंग द्यावं, पण आवाजाच्या कागदावर सही अडवून ठेवावी. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि केंद्र त्या एकत्र बांधून पुढे करेल.